स्मरणिकेतून गाळलेल्या सहा ओळी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी लंच ब्रेकमध्ये करमणूक म्हणून वाचते. पण हे माझ्यासमोर घडलंय… आणि त्यात मी कशी वागले ते सांगायला लाज वाटते.

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला असते, आयटीत. आमच्या छोट्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे होतं. नॉटिंगहॅमच्या सुमतीमावशींनी — रिटायर्ड डॉक्टर, ऐंशी ओलांडलेल्या, नजर जवळजवळ गेलेल्या — मोठ्या अक्षरांत हाताने लिहिलेला लेख पोस्टाने पाठवला. इथल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल. त्यात सहा ओळी लीला नावाच्या मराठी नर्सबद्दल होत्या. ती गणपतीला मावशींच्या घरी आली, तेव्हा जमलेल्या बायकांनी जात विचारून तिला स्वयंपाकघराबाहेर थांबवलं. 'मी यजमानीण होते. मी गप्प बसले,' असं मावशींनी लिहिलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "हे कशाला? आपल्या मुलांना जात माहीतच नाही, तर राहू दे ना तसंच."

मला ते पटलं… म्हणजे मी पटवून घेतलं. त्या ओळी टाइपच केल्या नाहीत. मावशींना कळवलं नाही. मनात म्हटलं, त्यांना कुठे दिसणार आहे?

प्रकाशन रविवारी दुपारी, कम्युनिटी हॉलमध्ये होतं. मावशींची नात ईशा लेख वाचायला उभी राहिली. इथेच जन्मलेली, मराठी अडखळत वाचणारी. मी माझ्या प्रतीवर बोट ठेवून ऐकत होते. एक परिच्छेद संपला आणि ती वाचायला लागली — "लीला नावाची…" शब्द न् शब्द. 'यजमानीण'वर अडखळली, अक्षरं लावून पुन्हा म्हणाली. माझ्या प्रतीत तिथे दुसराच परिच्छेद होता.

शेवटच्या रांगेतली एक बाई उठली. "लीला माझी आई. ती मराठी लोकांत का जात नव्हती, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला वाटायचं, तिचंच काहीतरी चुकलं असेल."

ही रेखा. मावशींनी तिला या ओळी ऐकायलाच बोलावलं होतं.

पहिल्या रांगेत बसलेल्या मावशी आवाजाच्या दिशेने वळल्या. "चुकलं माझं, रेखा. तिचं काहीच नाही."

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हे स्मरणिकेत नाहीये. ईशाने स्वतःचं काहीतरी घातलंय."

ईशाच्या हातातली प्रत दोघातिघांनी पाहिली. त्या ओळी नव्हत्या. ती पानं उलटत राहिली. "पण ते इथे होता… आय स्वेअर, मी वाचला." लोक तिच्याकडे खोटारडी असल्यासारखे बघत होते.

मावशींनी शांतपणे विचारलं, "मी लिहिलं होतं ना गं?"

"जागा कमी पडली, मावशी," मी म्हणाले.

मूळ कागद माझ्या घरी ड्रॉवरमध्ये होते. आजीने घरी हा विषय कधी काढलाच नव्हता, असं ईशा नंतर म्हणाली. मग तिने काय पाहून वाचलं? मी प्रिंटरकडे गेलेली फाइल तपासली, उरलेल्या सगळ्या प्रती तपासल्या. काही नाही. आजही सांगता येत नाही.

ईशाची फोनवर माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मूळ कागद रेखाला पाठवले. तिचा मेसेज आला — "मिळाले. मला मराठी वाचता येत नाही, कुणाकडून तरी वाचून घेईन."

मी येऊन वाचून दाखवू का, असं विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.