नव्या कॉम्प्युटरची पूजा

आमच्या घरी मोटर असलेली कुठलीही वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर, मायचा मिक्सर, सगळ्यांना आधी हळद-कुंकू लागलं, त्यांच्यावर अक्षता पडल्या, पायरीवर नारळ फुटला आणि मगच बटन दाबलं गेलं. त्यामुळे मी जोडलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करायची वेळ आली, तेव्हा माय पूजेचं ताट घेऊनच खोलीत आली.

"माय, एकदा चालू करून पाहू दे, मंग कर पूजा," मी म्हटलं.

"काहून? मिक्सर पाह्यला होता काय आधी चालू करून?"

मी बाजूला सरकून तिला जागा करून दिली. तसंही मी फारशी वाद घालणारी नाही.

मी वाशीमला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. केनवडच्या आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी आधीपासून कॉम्प्युटर होते. प्रॅक्टिकलला ते पुढे होऊन यंत्र उघडायचे, मी मागे उभी राहून वहीत लिहून घ्यायचे. मला सगळं समजायचं, पण हात पुढे जात नसे. हळूहळू वाटायला लागलं की आपण चुकीच्या शाखेत आलो. म्हणून मी घरी हट्ट धरला, तयार कॉम्प्युटर नको, सुटे भाग आणून मीच जोडते. मनाशी ठरवलं होतं, हा माझ्या हातून सुरू झाला तर इथंच शिकायचं. नाही झाला तर सोमवारी सरांना भेटून शाखा बदलायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

भाग एकेक करून एसटीनं आले. कॅबिनेटचा खोका मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "टीव्ही हाय काय बाई?" मी उगाच हो म्हटलं. पुढच्या दोन सुट्ट्यांत मी मोबाइलवर व्हिडिओ लावून, एकेक स्क्रू सांभाळत सगळं जोडलं. प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरला होता. माय दारातून बघायची आणि चहा ठेवून जायची.

तर पूजा झाली. मायनं कॅबिनेटच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या बाजूला वर जिथं काळं गोल बटन होतं तिथं, ओलं हळद-कुंकू लावलं. कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर टाकल्या. बाबांनी बाहेर नारळ फोडला. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, बाजेवर बसून होते. शेजारची बांगड्यांचं दुकान चालवणारी चाची खोबऱ्याच्या वासानं बरोबर वेळेवर आली.

"दाब वं माय, तूच दाब," मी म्हटलं.

मायनं आधी पदराला हात पुसला, मग अंगठ्यानं बटन दाबलं. पंखे फिरले! आत निळा उजेड पडला. चाचीनं टाळी वाजवली. आणि सगळ्यांनी नीट बघेपर्यंत पंखे थांबले, उजेड गेला, सगळं गप्प.

मी बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"लाईन गेली काय?" बाबांनी विचारलं. डोक्यावरचा पंखा फिरत होता.

"अरे बेटी, ये तो चालू होके सो गया," चाची म्हणाली. "मोठ्या घरचा दिसते, दुपारी झोपते."

मोठेबाबा हसले. "म्या म्हनलं होतं, तयार घ्या. पोरगी काय मिस्त्री हाय काय?"

मी बोर्डाच्या त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, चार्ज होत होता. कॅबिनेटच्या मागचा छोटा स्विच बंद-चालू केला. मग वायर काढून बाजूचं झाकण उघडलं. मदरबोर्डला वीज देणारी मोठी पिन काढून परत लावली, प्रोसेसरची छोटी पिन लावली, रॅम काढून टक्क आवाज होईपर्यंत दाबून बसवली. वायर लावली, बटन दाबलं. शांतता. मनात मी सोमवारी सरांशी काय बोलायचं ते जुळवायला लागले होते.

तेवढ्यात बघितलं तर माय ताट घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

"माह्या हातानं बिघडलं काय वं?" तिनं हळूच विचारलं. "म्या कधी असं दाबलं नोतं ना. जास्त दाबल्या गेलं असन."

"नाई माय, असं नसते."

"मंग तू दाबलं असतं तं चाललं असतं."

ते ऐकून शाखेचा विचार डोक्यातून पार गेला. हा कॉम्प्युटर आता सुरू व्हायलाच हवा होता, नाहीतर माय पुन्हा त्याला हात लावणार नव्हती.

बाबा माझ्याशेजारी उकिडवे बसले. आत डोकावून म्हणाले, "आपली मोटर लागत नसली का आपून काय करतो?"

"डायरेक्ट करतो."

"मंग?"

विहिरीवर स्टार्टरचं बटन दगा देतं तेव्हा बाबा ते सोडून थेट वायर जोडून बघतात. मोटर चालली तर मोटर चांगली, खोट बटनात. कॉम्प्युटरलाही तसं करता येतं, हे मला माहीत होतं. बटनापासून मदरबोर्डपर्यंत दोन बारीक वायरी येतात. त्या काढून खालच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. मी व्हिडिओत कितीदा पाहिलं होतं. पण टोक चुकून दुसरीकडे टेकलं तर मदरबोर्डच जळेल, या भीतीनं ते मनातल्या मनातही मी टाळत होते.

"हात कापून राह्यले माहे," मी म्हटलं.

"कापू दे. टोक नको कापू देऊ."

मी बटनाच्या दोन वायरी काढल्या आणि दोन्ही हातांनी स्क्रू ड्रायव्हर धरला. टेकवला. उचलला.

पंखे फिरले. निळा उजेड आला. कुणीच टाळी वाजवली नाही, सगळे आता थांबतील, मग थांबतील म्हणून बघत होते. पंखे फिरतच राहिले.

"बटन!" मी ओरडलेच. आमच्या घरात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "बटनच हाय! बाकी सगळं बरोबर हाय!"

कॉम्प्युटर बंद करून पुढची पट्टी काढली. कुंकवाच्या थराखाली बटन आत दबूनच राहिलं होतं, वर येतच नव्हतं. बटन काही सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो; बिचारा सांगितल्याप्रमाणेच बंद झाला होता. बटनाच्या कडेला, फटीत, एक तांदळाचा दाणा पाचरीसारखा रुतला होता. लाल, टपोरा. मी सुईनं तो काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला.

माय अशी हसली की ताट खाली ठेवावं लागलं.

"घ्या! कंपुटरले जेवू घातलं पोरीच्या मायनं," मोठेबाबा म्हणाले.

"खाके ही तो सोया था," चाची म्हणाली. मग मोठेबाबांकडे वळून, "और मिस्त्री तो घर में ही निकली, भाईजान."

मोठेबाबांनी मान हलवली आणि माझ्याकडे खोबऱ्याचा मोठा तुकडा सरकवला.

बटन पुसून, पट्टी लावून, वायरी जागेवर बसवून मी मायला पुढे ओढलं. ती नको म्हणत होती. मी तिचा अंगठा धरून बटनावर ठेवला. बटन टक्कन आत गेलं, टक्कन वर आलं. पंखे फिरले, आतून एक छोटी शिट्टी वाजली आणि काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हनते?" मायनं विचारलं.

त्यात अजून काही भरलेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"म्हनते, मी कोराच हाय, मले शिकवा."

"मंग शिकव ना," माय म्हणाली.

सोमवारी मी सरांना भेटायला गेलेच नाही. प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, बंद पडलेलं हे यंत्र कोण उघडतं, तेव्हा मी पुढे गेले. स्क्रू ड्रायव्हर घ्यायच्या आधी मी वाकून त्याचं बटन दोनदा दाबलं आणि वर येतं का ते पाहिलं.

"काय पाहून राह्यली वं?" मागून एकानं विचारलं.

"तांदूळ," मी म्हटलं, आणि झाकण उघडलं.