अक्काच्या रानातला घेवडा

अक्काच्या शेतातला घेवडा इतका उंच वाढलेला मी कधी पाहिला नव्हता. वेल काठ्यांच्याही वर जाऊन हवेत चाचपडत होते. पानांच्या कडा मात्र करपलेल्या होत्या.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं शेत शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला लागून आहे. तिथला गाळ खत म्हणून फुकट मिळतो, म्हणून तिने तीन वर्षांपूर्वी तो रानात पसरला. पहिल्या वर्षी शेंगा तोडून तोडून हात दुखले. पुढे फूल गळायला लागलं. खतांच्या दुकानदाराने वाढीचं संजीवक दिलं. ते फवारल्यावर वेल नुसते पळत सुटले. शेंगा लांबलचक आल्या, पण आत दाणा भरेना.

मी भाजीसाठी ओंजळभर शेंगा तोडल्या, तर अक्काने माझा हात धरला.

"त्या नको घेऊस. घरासाठी विहिरीजवळ वेगळा वाफा केलाय."

"मग या?"

"या बाजारच्या."

तिच्या आवाजात लबाडी नव्हती आणि लाजही उरली नव्हती.

मला माझं शहरातलं न्हाणीघर आठवलं. फिनेल, साबण, मुदत संपलेली औषधं, सगळं मी मोरीत ओतते आणि वर बादलीभर पाणी सोडते. ते पुढे कुठे जातं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असंच धरून चालले.

टेम्पो बांधाशी येऊन थांबला. अक्काने क्रेटची एक बाजू धरली आणि माझ्याकडे पाहिलं. दुसरी बाजू मी उचलली.