पायथ्याखालच्या विटा

माझी नात दिल्लीत, मुनिरक्यात खोली घेऊन राहते आणि प्रयोगशाळेत उंदरांना मागचे पाय अधांतरी राहतील असे शेपटीने टांगते. शरीरावरचा गुरुत्वाकर्षणाचा भार बदलला की पेशींतली काही जनुके जास्त काम करू लागतात, काही मंदावतात; हा तिचा विषय. आता तिला तेच माणसांत तपासायचे होते. माणसाला टांगत नाहीत. डोके खाली आणि पाय किंचित वर, असे निजवून ठेवतात. मार्गदर्शकांनी तिचा आराखडा परत केला होता. माणसे मध्येच का उठतात ते आधी शोध, नाहीतर विषय सोड, असे त्यांनी बजावले होते.

डॉक्टरांना विचारून मी आमच्या गुरुग्रामच्या घरातला पलंग आणि स्वतःला देऊ केले. पायथ्याखाली विटा लागल्या.

"उंदराला शेपटी तरी असते," पत्नी म्हणाली. "यांना कुठे धरून टांगणार?"

"आजी, टांगायचं नाहीये. आजोबा, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. बिल्कुल उठायचं नाही."

सरकारी नोकरी मी बसून काढली. एक दिवस झोपून काढणे अवघड नव्हते. दुपारपर्यंत नाक चोंदले. वरण स्ट्रॉने प्यालो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

चार वाजता लष्करी छावणीतला पुतण्या नव्या बायकोला घेऊन आला. ती थेट माझ्या पायांकडे वळली. ते सोयीच्या उंचीवर होते.

"अगं, थांब! भलतंच काय!" पत्नी ओरडली.

आमच्यात आडव्या माणसाच्या पाया एकदाच पडतात, आणि तेव्हा तो उठत नाही.

सूनबाईने हात मागे घेतले. "पण काकू, सासूबाईंनी सांगितलंय, काकांच्या पाया पडल्याशिवाय पाणीही प्यायचं नाही."

"काका, दोन मिनिटं उठा ना," पुतण्या म्हणाला. "पाचला निघायचंय. साडेसहाला हजेरी आहे."

"सहाला उठेन."

चहा आला, निवला. पोहे आले. सूनबाई पोह्यांकडे पाहत नव्हती, आणि ते न पाहणे सगळ्यांना दिसत होते. नात वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिने मला उठा म्हटले नाही, उठू नका असेही म्हटले नाही.

पाचला दहा मिनिटे असताना मी उठलो. खोली फिरली, पुतण्याने खांदा धरला. सूनबाई वाकली, आणि सरळ होता होताच तिने बशी उचलली.

"सॉरी," मी नातीला म्हणालो. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

"थांबा आजोबा, लिहू द्या."

आराखडा मंजूर झाला. उठण्याच्या कारणांत लघवी आणि पाठदुखीच्या खाली 'नमस्कार स्वीकारणे' अशी नोंद आहे. उपाय: नातेवाइकांच्या भेटी बंद.

ती हे सांगायला आली तेव्हा मी दुपारचा आडवा झालो होतो. ती पायथ्याशी येऊन उभी राहिली. हातातली वही खाली ठेवली.

मी उठून बसलो.