घाबरायचं काम

मेडिकल कॉलेजात सगळे त्यांना खांदेमामा म्हणत. मामा गोदामातले हमाल. तरुणपणी पोती उचलताना उजवा खांदा तीनदा निखळला, तेव्हापासून दर परीक्षेला पेशंट म्हणून त्यांना बोलावणं यायचं. गोदामात 'ए, सरक' ऐकणाऱ्या माणसाला इथे भावी डॉक्टर 'मामा, जरा आडवे होता का?' असं विचारत. माणूस तेवढ्यावर विरघळतो, दुसरं काय!

तपासणी मामांना तोंडपाठ होती. विद्यार्थी वाकवलेला हात बाजूला उचलून हळूहळू मागे फिरवतो. खांदा सैल असला, तर आता निसटतो की काय या धास्तीने पेशंटचा चेहरा पडतो. पुढून खांदा दाबून धरला, की धास्ती जाते. म्हणजे सगळा निकाल चेहऱ्यावर.

पण वय झालं तसा खांदा आखडून घट्ट बसला. हे सांगितलं असतं तर बोलावणं बंद. मामा मूग गिळून बसले आणि दर वर्षी न चुकता घाबरू लागले.

यंदा एका मुलीने हात नुसता उचलला, तोच मामांनी सवयीने ओठ आवळले. ती थांबली. पुन्हा हळूच तपासून म्हणाली, "सर, हात मागे न्यायच्या आधीच हे घाबरले. मला खांदा घट्ट वाटतोय."

परीक्षा घेणाऱ्या मोठ्या सरांनी पेशंटला हात लावायचं केव्हाच सोडलं होतं. इतकी वर्षं याच खांद्यावर पोरं पास झाली, तुलाच बरा तो घट्ट लागला, असं ते तिला म्हणाले. मग मामांकडे वळले. "काय मामा, निसटतो ना?"

"निसटतो की," मामा म्हणाले.

मुलगी नापास झाली. घरी बायकोने वाढलेलं ताट मामांनी तसंच बाजूला सरकवलं. खरं बोलणाऱ्या पोरीला आपण खोटं पाडलं, तेही कुणीतरी अहो-जाहो करावं म्हणून! स्वतःची लाज वाटत होती.

सहा महिन्यांनी फेरपरीक्षा होती. खांदा बरा झालाय, हे आज सरांना सांगायचंच, असं मामा वाटभर घोकत गेले. तीच मुलगी समोर आली. तिने हात जेमतेम उचलला, मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलंही नाही.

"सर, खांदा निसटतो. पेशंट घाबरतो."

आणि मामा तर आज घाबरलेच नव्हते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आता खरं सांगावं, तर पोर पुन्हा बुडणार. मामांनी होकारार्थी मान हलवली.

ती पास झाली. जाताना तिने मामांना सदरा चढवायला मदत केली. मामांना तिच्याकडे बघवलं नाही.