क्लच नसलेली गाडी

त्या दिवशी बेळगावच्या शहापुरात असं धुकं पडलं होतं की समोरच्या गंगाक्काच्या दारातली रांगोळीही दिसत नव्हती. वर कुठंतरी सांबऱ्याच्या विमानतळाचं विमान घरघरत फिरत होतं. उतरायला जागा शोधत असावं बिचारं! आम्ही चंद्रूच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चहा पीत बसलो होतो. त्या दुकानात किस्से सांगायला म्हणून कोणी येत नसे. पण बंद रेडिओ फळीवर साठत जावेत तसे तेही साठत गेले. रेडिओ ज्याचे त्यानं नेले, किस्से माझ्याकडं राहिले. मी सुतार, मागाचे धोटे करणारा. शाळा पाहिली ती तिची दारं बसवायला गेलो तेव्हा. म्हणून सावकाश सांगतो, घाई करू नका.

तर त्या धुक्यात आप्पाही येऊन बसले होते. बेळगाव-निपाणी बस त्यांनी उभी उमर चालवली. मग डावा पाय गुडघ्यात मोडला, क्लच दाबेना, ड्रायव्हरकी सुटली. त्यातच निपाणीला लेकीला मुलगी झाली. पहिली नात! पण आप्पा बघायला जाईनात.

"दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत मी मागं बसू व्हय?" एवढंच म्हणायचे आणि पायाकडं बघत राहायचे.

वरची घरघर ऐकत चंद्रू म्हणाला, "आप्पा, त्येला क्लच नसतंय."

आप्पांनी कप खाली ठेवला. "न्हाय?"

"न्हाय!"

"मग आण की एक!"

*

टीव्हीवर विमान उडवायचा कॉम्प्युटर असतो, असं चंद्रूनं कुठल्या मासिकात वाचलं होतं. तयार घ्यायची ऐपत कोणाची? त्यानं मुंबईच्या जुन्या बाजारातून त्या कॉम्प्युटरचा एक बोर्ड आणि विमानाच्या खेळाची कॅसेट आणली. टीव्ही गिऱ्हाईकानं टाकून दिलेला, काळा-पांढरा. टेपरेकॉर्डर त्याचा स्वतःचा. खोकं करायचं काम माझ्याकडं.

मी सागवानी तुकड्यांचं खोकं केलं, गच्च, मुंगी शिरणार नाही असं. लावल्यावर आतून जळका वास यायला लागला!

"मामा, त्येला बी श्वास लागतो की," चंद्रू म्हणाला.

मग मी चारी बाजूंनी जाळी कोरली, वर छोटी कमान काढली. गंगाक्का बघायला आली. हात जोडले तिनं.

"देव कुठला हाय ह्यात?"

"अजून बसला न्हाय, आक्का," चंद्रू म्हणाला. "वायरिंग चाललंय!"

*

विमान कॅसेटमध्ये होतं. टेप लावला की किंचाळल्यासारखा आवाज यायचा, आणि तो शेवटपर्यंत नीट गेला तरच टीव्हीवर विमान यायचं. पण शेजारी वीजमाग. मागाची मोटर सुरू झाली की करंट खाली, आणि विमान गायब! पुन्हा पहिल्यापासून किंचाळणं.

गंगाक्का दारातून ओरडायची, "मांजर मारतासा काय रं त्या दुकानात?"

आमच्याकडं अमावास्येला माग बंद. म्हणून ठरलं, अमावास्येलाच उडवायचं. आप्पा बिथरले.

"नवी गाडी अमावास्येला काढतोस व्हय रं?"

चंद्रूनं खोक्यापुढं लिंबू ठेवलं, नारळ फोडला, मग टेप लावला. आवाज शेवटपर्यंत गेला!

*

पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आल्या. तो म्हणे रस्ता. मी चिंचेच्या लाकडाचा दांडा केला होता, खाली चंद्रूनं दारावरच्या बेलची बटणं बसवली होती. आप्पा खुर्चीत ताठ बसले, दांडा धरला आणि नुसतेच बसून राहिले.

"सोडा की आप्पा!"

"बेल कुठं दिलीस?"

चंद्रूनं कंडक्टरसारखं पान्यानं डब्यावर दोनदा वाजवलं. टण टण! विमान निघालं, लई झोकात निघालं, आणि रेघा संपल्या तिथं आप्पांनी थांबवलं.

"आप्पा, वर जायचंय!"

"वर? घाट कुठाय?"

*

पुढच्या अमावास्येला मात्र ते उडाले. खरंच उडाले! रेघा खाली गेल्या, आप्पांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वर गेल्या. समोर गंगाक्काची पूजा चाललेली, एवढ्यात तिनं देवापुढं घंटा वाजवली. एकदाच. टण!

आप्पांनी सरळ विमान खाली घातलं. पडदा काळा झाला.

"आवो, काय केलंसा हे?" चंद्रूनं डोकं धरलं.

"सिंगल पडली," आप्पा म्हणाले. "कुणाला तरी उतरायचं आसंल."

*

गंगाक्काचं माहेर निपाणीचं. दर खेपेला नातीची बातमी तीच आणायची. नात पालथी पडायला लागली. नात बसायला लागली. एकदा आली ती दुकानाच्या पायरीवरच टेकली.

"आप्पा, पोरगी रांगाय लागली. लेक आता 'आप्पा कवा येणार' म्हणून इचारत बी न्हाय."

त्या अमावास्येला आप्पा सगळ्यांआधी येऊन खुर्चीत बसले. चंद्रूनं टण टण दिली. विमान वर गेलं, वळलं. गंगाक्का पूजेची घंटा घेऊन दारात उभी, आतला लोलक मुठीत दाबून! मी श्वास धरून. रेघा पुन्हा दिसल्या, मोठ्या होत गेल्या, आणि विमान त्यांच्यावर टेकलं. पडदा काळा झाला नाही!

आप्पांनी दांडा सोडला. मग विचारलं, "ही निपाणी काय रं?"

चंद्रूनं माझ्याकडं बघितलं, मी चंद्रूकडं.

"व्हय आप्पा," चंद्रू म्हणाला. "निपाणीच."

*

दुसऱ्या दिवशी आप्पा चहाला आले नाहीत. खुर्ची रिकामी. चंद्रू तिच्यावर कोणाला बसू देईना. तिसऱ्या दिवशी गंगाक्का माहेराहून परतली, पिशवी खाली ठेवायच्या आत मला म्हणाली,

"मामा, तुमचा पायलट माझ्याच बसमधी हुता की! खिडकीपाशी बसलता, मांडीवर झबली. वाटभर उजवा पाय बिरेक मारल्यागत खाली दाबत हुता. लेकीची गल्ली आली तरी उठंना. मग बेलची दोरी मीच वढली. सिंगल! उतरला बघा, जराबी धक्का न लागता."