दोन चि. सौ. कां.

वेलांटीकाका लग्नाला गेले की मांडवाआधी पत्रिकेत शिरायचे. खिशातलं लाल पेन काढून एखादा ऱ्हस्व दीर्घ करायचे आणि मगच पंगतीला बसायचे. बुऱ्हाणपुरात आमच्या छापखान्यात ते प्रूफं वाचायचे आणि मी कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचे. काका आता नाहीत. तरी दुपारी शाईच्या वासात डोळा लागला, की नेपा मिलच्या पिवळट कागदाची सळसळ ऐकू येते आणि वाटतं, ते समोरच बसलेत.

"शेवटचं अक्षर अकारान्त, तर आधीचा उकार दीर्घ," ते सांगायचे. "फूल, मूल, सून. बेटा, सून ऱ्हस्व लिहिशील तर घरात पाय नाही ठेवणार ती." मी हसायचे. काकांना मुलगा नव्हताच. एकुलती एक वैदेही, तीही अमेरिकेत.

एक दिवस तिचं पत्र आलं. पुढच्या वर्षी रूथ नावाच्या मैत्रिणीशी लग्न करतेय, इथं कायद्यानं होतं, बाबा, तुम्ही याल ना? काकांनी पत्रातल्या चार चुका लाल केल्या आणि ते तसंच परत पाठवलं. स्वतःचं एक अक्षर नाही. मला त्यांचा मनस्वी राग आला. त्यानंतर वर्षभर बापलेकीत अबोला. काका प्रूफ हातात धरून नुसते रस्त्याकडे बघत राहायचे, जणू तिथूनच कुणी येणार होतं. एकदा आपणहून म्हणाले, "पोरीनं मनातलं लिहिलं, अन् मी वेलांट्या पाहत बसलो."

मग एका दुपारी त्यांनी स्वतः लिहिलेला पत्रिकेचा मजकूर टेबलावर ठेवला. छापखान्याच्या शेठनी वाचून टाळीच वाजवली.

"काका, आज सापडले! दोन्हीकडे चि. सौ. कां. करून ठेवलं. दूल्हा कुठं गायब केला?"

"गलती नाही, भाऊ. दोघी नवऱ्याच आहेत."

शेठचा चेहरा उतरला. "लोक काय म्हणतील? खाली आपल्या प्रेसचं नाव राहते ना."

"नाव काढून टाका, पण छापा. तिकडच्या कायद्याला चालते, अन् आता मलाही चालते. आणखी कोणाची मंजुरी पाहिजे?"

शेठनी मजकूर पुन्हा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. मग मला म्हणाले, "नाव राहू दे."

पत्रिका छापून झाल्या. पहिलीचा फोटो मी वैदेहीला पाठवला. संध्याकाळी तोच फोटो परत आला. होणाऱ्या जोडीदाराच्या नावाभोवती लाल गोल आणि खाली दोन ओळी: "बाबा, 'रुथ' नाही, 'रूथ'. रू दीर्घ. तुम्ही सून लिहिता तसा."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची ही पहिली चूक, आणि ती मलाही दिसली नव्हती. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"सगळ्या परत काढ, बेटा," ते म्हणाले. "सुनेचं नाव चुकलं."