आत्याला ऐकू आलेला शब्द

माझ्या आत्यानं फोनवर सांगितलेल्या एका शब्दावर एका माणसाचा हात कापला गेला होता.

आज सकाळी आत्या वारली.

सत्तरच्या दशकात ती वाशीमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. किन्हीराजाच्या आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी.

ही गोष्ट तिनं मला अगदी अलीकडे सांगितली. मी लॅपटॉप घेऊन बसले होते.

"दिवसभर काय करत राह्यते वं याच्यावर?"

म्हटलं, आमचं डेस्कटॉपवरचं एक ॲप्लिकेशन आहे. त्यात दोन प्रोसेस चालतात. एकीला दुसरीचं काही दिसत नाही, म्हणून त्या एकमेकींना मेसेज पाठवतात. ते नीट पोचवायचं काम माझं.

"पोचला हे कसं समजते?"

"दुसरी उलट मेसेज पाठवते."

"अन् जे सांगतलं तेच तिनं आयकलं, हे?"

"तेही तपासता येतं, आत्या."



"आमाले नव्हतं येत," आत्या म्हणाली.

कामरगावच्या एका माणसाचा मुलगा नागपूरला कामाला होता. मशीनमध्ये हात सापडला, सेप्टिक झालं. मुलगा बेशुद्ध. हात कापायला डॉक्टरांना बापाची परवानगी हवी होती. ट्रंक कॉल लागला, पण नागपूर आणि कामरगाव एकमेकांना ऐकूच येईनात. मध्ये बसलेल्या आत्याला दोघांचं थोडं थोडं येत होतं.

"काका, डॉक्टर म्हन्ते हात कापा लागते. नाही तं पोरगा वाचत नाही. काय सांगू?"

"हात गेल्यावर काय करन तो, बाई? तुमीच सांगा."

"मले नाही सांगता येत, काका. तुमी बोला."

खूप खरखर. मग एक शब्द आला आणि कामरगावची लाईन गेली.

तिनं परत परत लावून पाहिली. लागली नाही.

इकडे डॉक्टर घाई करत होते. "मॅडम, काय म्हणतात ते?"

"कापा म्हणतात," आत्या म्हणाली.

मुलगा वाचला.

काही महिन्यांनी बापलेक एक्स्चेंजमध्ये आले. मुलाच्या शर्टाची एक बाही रिकामी.

"ताई, बाबा म्हन्ते, मी 'थांबा' म्हनलो होतो. मी निघून राह्यलो, तवरीक थांबा. तुमाले काय आयकू आलं?"

"मले 'कापा' आयकू आलं."

"बरं," मुलगा म्हणाला. दोघं निघून गेले.

"बाप खालीच पाहत होता वं," आत्या मला म्हणाली. "मान वर केली असती तं समजलं असतं मले, खोटं कोन बोलून राह्यलं. तो का माये कान."

म्हटलं, आत्या, तू ऐकलंस तेच खरं असेल. आणि पोरगा जगला ना.

"तू होती का तिथं?"

मी लॅपटॉप मिटला.

आत्या, तुला शेवटचा जय भीम.